मात्रा, अनुपान आणि अर्थ : रायपूरच्या पुरानी बस्तीतील औषधविक्रेत्याची बदलती भूमिका

औषध देणाऱ्या माणसाला मराठीत एक स्थिर नाव नाही. वैद्याच्या घरी खल घोटणारा तो शिष्य, बाजारात काष्ठौषधी विकणारा तो गांधी, डॉक्टरांच्या दवाखान्यात पडद्यामागे मिक्स्चर ढवळणारा तो कंपाउंडर, परवान्याच्या कागदावर तो औषधविक्रेता आणि शासकीय रुग्णालयाच्या आस्थापनेवर तो औषधनिर्माण अधिकारी. यांपैकी शेवटचे नाव सर्वांत भारदस्त, आणि सर्वांत कमी खरे. कारण हा अधिकारी आता औषध क्वचितच निर्माण करतो. त्याच्या दुकानालाही बोलीने विशेष्य दिलेले नाही. ‘मेडिकलमधून गोळी आण’ असे म्हणताना मराठी माणूस एका इंग्रजी विशेषणालाच दुकान करून टाकतो. व्यवसायाला नाव सापडू नये याचे कारण पुष्कळदा त्या व्यवसायाचे कर्म बदलत असते हे असते. औषधविक्रेत्याच्या बाबतीत तसेच घडले आहे. त्याचे काम शंभर वर्षांत हाताकडून वाणीकडे सरकले आहे, आणि म्हणूनच भाषा व साहित्य यांच्या अभ्यासकाने त्याची दखल घेणे अप्रस्तुत ठरू नये.

या स्थित्यंतराचा विचार करण्यासाठी रायपूरची पुरानी बस्ती हे ठिकाण अनेक दृष्टींनी सोयीचे आहे. अठराव्या शतकात छत्तीसगढावर नागपूरकर भोसल्यांची सत्ता आली; १८१८ नंतर इंग्रज अधीक्षकाने कारभाराचे ठाणे रतनपूरहून रायपूरला हलविले; १८५४ मध्ये नागपूरचे राज्य खालसा झाले आणि पुढे १९५६ पर्यंत रायपूर हे नागपूर राजधानी असलेल्या प्रांताचा भाग राहिले. या प्रदीर्घ संबंधातून येथे मराठी कुटुंबे स्थायिक झाली. महामाया मंदिर व जैतूसाव मठ यांच्या भोवतीच्या जुन्या वस्तीला लागूनच लाखेनगर आहे; ते नाव वामन बळीराम लाखे यांचे. १९०० मध्ये पेंड्रा येथून निघालेल्या ‘छत्तीसगढ मित्र’ या हिंदी मासिकाचे ते प्रकाशक होते, आणि संपादक होते माधवराव सप्रे. सप्रे मराठीभाषक; त्यांनी हिंदीत लेखन केले, ‘दासबोध’ आणि टिळकांचे ‘गीतारहस्य’ हिंदीत आणले आणि १९२६ मध्ये रायपुरातच त्यांचे निधन झाले. एका भाषेतील अर्थ दुसऱ्या भाषेत पोचविणे ही या परिसराची जुनी सवय आहे, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. आजही येथील औषधाच्या दुकानात छत्तीसगढी, हिंदी व मराठी, आणि प्रसंगी ओडिया, या भाषा एकाच फळीपुढे उभ्या राहतात. गोळीच्या वेष्टनावर इंग्रजी असते आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीवर लॅटिनचे अवशेष.

प्राचीन वैद्यकाने या माणसाला स्वतंत्र स्थान दिले होते काय, हा प्रश्न येथे उपस्थित होतो. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत : वैद्य, द्रव्य, परिचारक आणि रोगी. द्रव्य आहे, ते सिद्ध करून हातात देणारा मात्र वेगळा मोजलेला नाही. तो काही अंशी वैद्यात आणि काही अंशी परिचारकात विलीन झाला आहे. परिचारकाच्या गुणांत उपचारज्ञता, म्हणजे सेवेचे व पथ्यकल्पनेचे ज्ञान, प्रथम येते हे या दृष्टीने सूचक आहे. उलट द्रव्याच्या गुणांत ‘अनेकविधकल्पना’ हा एक गुण मानला आहे : ज्याच्यापासून नाना प्रकारची सिद्ध औषधे करता येतात ते उत्तम द्रव्य. स्वरस, कल्क, क्वाथ, हिम आणि फांट या पाच ‘कल्पना’ शार्ङ्गधरापासून पाठ्यक्रमात रुळल्या. साहित्याच्या विद्यार्थ्याला ‘कल्पना’ या शब्दाचा हा ठोस, चुलीवरचा अर्थ सहसा आठवत नाही, ही गोष्ट निराळी.

आधुनिक अर्थाने औषधविक्रेता हा इंग्रजी अमदानीतील दवाखान्यांतून आला, आणि त्याचे पहिले मराठी रूप कंपाउंडर हेच होय. त्याच्याविषयी विनोद पुष्कळ झाले, पण त्याच्या एका युक्तीकडे पुरेसे लक्ष गेलेले नाही. रोगी घरून बाटली घेऊन येई. कंपाउंडर तीत मिश्रण भरी आणि बाटलीच्या कडेवर कातरीने खाचा पाडलेली कागदाची उभी पट्टी खळीने चिकटवी. एका खाचेपासून दुसऱ्या खाचेपर्यंत एक मात्रा. ज्याला अक्षर येत नाही, ज्याच्या घरी ठरावीक मापाचा चमचा नाही, घड्याळ तर नाहीच, त्यालाही ही पट्टी वाचता येई. ती कोणत्याच भाषेची नव्हती, आणि म्हणून मराठी, छत्तीसगढी, तेलुगू अशा सर्वांना सारखीच कळे. छापील वेष्टनाच्या आजच्या काळात एवढे सुबोध लेखन औषधावर पुन्हा आलेले नाही.

या कंपाउंडरच्या शिक्षणाची व शुद्धतेची व्यवस्था मात्र ढिली होती. कर्नल रामनाथ चोप्रा यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या औषधचौकशी समितीने १९३१ मध्ये अहवाल दिला. भेसळ आणि अप्रशिक्षित औषधकार हे त्यातील दोन मुख्य विषय होते. पुढच्याच वर्षी महादेवलाल श्रॉफ यांनी बनारस हिंदू विश्वविद्यालयात औषधनिर्माणशास्त्राचे अध्यापन सुरू केले. १९४० चा औषध कायदा, १९४५ चे नियम, १९४८ चा फार्मसी कायदा आणि १९५५ ची भारतीय भेषजसंहिता या क्रमाने व्यवसायाची चौकट उभी राहिली. १९४८ च्या कायद्याने पहिल्या नोंदवहीत केवळ अनुभवावर काम करणाऱ्यांनाही काही अटींवर जागा दिली. परंतु चौकट पुरी होईपर्यंत तिच्यातील मूळ काम निसटू लागले होते. गोळ्या, कॅप्सुले व सिरपे कारखान्यातून तयार येऊ लागली. खल, तराजू व मिश्रणाच्या बाटल्या मागे पडल्या. औषध तयार करण्यासाठी शिकविलेला माणूस पाकिटे मोजून देऊ लागला. काही काळ तर त्याचे शिक्षण आणि त्याचे दैनंदिन काम यांचा परस्परसंबंध शोधावा लागे अशी स्थिती होती.

मग त्याच्याकडे उरले काय? उरले ते सांगणे. २००८ मध्ये भारतात फार्म. डी. हा सहा वर्षांचा, रुग्णालयातील प्रत्यक्ष कामावर भर देणारा अभ्यासक्रम सुरू झाला, आणि २०१५ च्या फार्मसी प्रॅक्टिस विनियमांनी रुग्णसमुपदेशन हे नोंदणीकृत औषधविक्रेत्याचे कर्तव्य ठरविले. औषधाचे नाव व रूप, मात्रा, घेण्याचा मार्ग, किती दिवस, कशासाठी, कोणते दुष्परिणाम संभवतात, कसे साठवावे, एखादी मात्रा चुकली तर काय करावे, हे सारे रोग्याला सांगावे असे त्यांत म्हटले आहे. ही यादी वाचताना असे लक्षात येते की, तिच्यातील एकही काम हाताने करावयाचे नाही. सर्व कामे वाक्यांनी करावयाची आहेत. ती वाक्ये कोणत्या भाषेत असावीत, रोग्याच्या बोलीचे किती ज्ञान असावे, याचा विचार मात्र अभ्यासक्रमात फारसा झालेला नाही. भाषा हे या व्यवसायाचे मुख्य द्रव्य झाले, आणि त्या द्रव्याची परीक्षा घेण्याची व्यवस्था नाही.

वस्तुतः मराठीत या कामाची शब्दसंपत्ती तयार आहे. ‘मात्रा’ हा शब्द घ्यावा. छंदःशास्त्रात तो उच्चाराचे माप, लिपीत अक्षरावरचे चिन्ह, वैद्यकात औषधाचे प्रमाण आणि व्यवहारात उपायाचे सामर्थ्य. ‘तेथे कुणाची मात्रा चालत नाही’ असे आपण म्हणतो. ‘अनुपान’ म्हणजे औषधाबरोबर किंवा नंतर घ्यावयाचा मध, तूप, दूध वा कोमट पाणी. क्षयाच्या उपचारातील एखादी गोळी उपाशीपोटी का घ्यावी, टेट्रासायक्लिन दुधाबरोबर का घेऊ नये, लोहाच्या गोळीनंतर लगेच चहा का पिऊ नये, हे सर्व प्रश्न अनुपानाच्या सदरात सहज बसतात. नव्या औषधशास्त्रात त्यांना अन्न व औषध यांची परस्परक्रिया असे लांबलचक नाव मिळाले आहे. आजीला मात्र ‘याचे अनुपान काय?’ हा प्रश्न आपसूक सुचतो. ‘पथ्य’ आहेच, ‘गुण येणे’, ‘लागू पडणे’, ‘औषध बाधणे’ हे वाक्प्रयोग परिणामाच्या निरनिराळ्या छटा अचूक सांगतात. ‘उतारा’ हा शब्द तर वाङ्मयाच्या अभ्यासकाला विशेष जवळचा वाटावा : विषावरचे औषध तोही उतारा आणि ग्रंथातून घेतलेला वेचा तोही उतारा.

रायपुरात हेच शब्द शेजारच्या भाषांना भिडतात तेव्हा प्रकरण नाजूक होते. थायरॉइडची गोळी सकाळी अनशापोटी घ्यावी लागते. हिंदीत कोणी ‘बासी मुंह’ म्हटले तर त्याचा अर्थ उठल्यावर काही न खाता, चूळही न भरता, असा होतो. पण छत्तीसगढीत ‘बासी’ म्हणजे रात्री पाण्यात घालून ठेवलेला भात. सकाळी कामावर निघण्यापूर्वी तो मीठ, कांदा, मिरचीबरोबर खातात. एकच शब्द एका भाषेत रिकामे पोट आणि दुसऱ्या भाषेत भरलेले पोट सुचवितो. चिठ्ठीवरील ‘ए. सी.’ आणि ‘पी. सी.’ ही लॅटिन अक्षरे, जेवणापूर्वी व जेवणानंतर, या प्रश्नाचा निकाल लावू शकत नाहीत. कारण बासीला जेवण म्हणावे की न्याहारी, हेच आधी ठरवावे लागते. पुरानी बस्तीतील जाणता औषधविक्रेता म्हणून ‘जेवणाआधी’ असे न म्हणता ‘बासी खाण्याच्या अर्धा तास आधी’ असे सांगेल. त्याच्या व्यवसायाचे कौशल्य या एका वाक्यरचनेत आहे.

याहून गंभीर उदाहरण कालवाचक शब्दांचे. संधिवातावरील मेथोट्रेक्सेट हे औषध आठवड्यातून एकदाच घ्यावयाचे असते. ते चुकून रोज घेतले गेल्यास अस्थिमज्जेवर घाला पडतो व रोगी दगावू शकतो. जगभर या चुकीची नोंद पुन्हा पुन्हा झाली आहे. मराठीत ‘आठ दिवसांनी’ म्हणजे एका आठवड्याने; संख्या आठ असली तरी दिवस सातच. हा हिशेब मराठी माणसाच्या अंगवळणी पडलेला आहे. पण ज्याची ती भाषा नाही, किंवा जो हातातील पाकिटावर आठ गोळ्या पाहतो, त्याच्या मनात तो तसाच उतरेल याची खात्री नाही. म्हणून अशा औषधासाठी वाराचे नाव घेण्याची पद्धत श्रेयस्कर मानली जाते : ही इतवारची गोळी, ही दुसऱ्या वाराला घ्यावयाची नाही. वार हा उपासामुळे आणि बाजाराच्या दिवसामुळे लोकांच्या पक्का ध्यानात असतो. येथे औषधविक्रेता काहीही नवे निर्माण करीत नाही. एका आज्ञेला तो रोग्याच्या पंचांगात जागा करून देतो.

परिभाषेच्या बाजूनेही या प्रांताने मोठा उद्योग केला होता. रायपूरचे पंडित रविशंकर शुक्ल मध्यप्रांताचे मुख्यमंत्री असताना डॉ. रघुवीर यांचे शब्दनिर्मितीचे कार्य नागपुरात चालले. हिंदी व मराठी या दोन्ही भाषांना समान पडावी अशी संस्कृतोद्भव परिभाषा घडविणे हा त्यामागील हेतू होता. ‘भेषज’ हा वेदकालीन शब्द आज शासकीय हिंदीत पुन्हा मानाने वावरतो. गाझियाबादच्या संस्थेचे नाव ‘भारतीय भेषज संहिता आयोग’ असे आहे. ग्रंथासाठी व नियमासाठी अशी परिभाषा हवीच. मध्य प्रदेशात २०२२ मध्ये वैद्यकाची हिंदी पाठ्यपुस्तके प्रकाशित झाली तेव्हा तिची उपयुक्तता पुन्हा चर्चेत आली. तथापि ‘प्रतिजैविक’ हा शब्द दुकानाच्या फळीवर रोग्याला देऊन भागत नाही. ‘ताप उतरला तरी पाकीट संपवा’ एवढेच त्याला कळले पाहिजे. परिभाषा तज्ज्ञांना एकमेकांशी जोडते. तज्ज्ञाला रोग्याशी जोडणारा शब्द बहुधा तिच्याबाहेर सापडतो. रघुवीरांच्या कोशावर झालेल्या टीकेत हा भेद पुरेसा केला गेला नाही, आणि त्यांच्या समर्थनातही नाही.

नव्या उपचारांचा संबंध आला की अर्थ सांगण्याची जबाबदारी अनेक पटींनी वाढते. छत्तीसगढ आणि विदर्भ यांना जोडणारा एक दुवा म्हणजे सिकलसेल हा आनुवंशिक रक्तविकार. भारतात त्याची पहिली नोंद १९५२ मध्ये झाली. नागपूरच्या डॉक्टरांनी मध्य भारतातील त्याच्या आढळाविषयी १९५८ मध्ये लिहिले. तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होतात, केशवाहिन्या तुंबतात आणि असह्य वेदनांचे झटके येतात. छत्तीसगढात लोक त्याला ‘सिकलिन’ म्हणतात. परकी संज्ञा बोलीने आपलीशी केली आहे. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहिमेचा प्रारंभ झाला, आणि तपासणी गावोगाव पोचू लागली. तपासणीनंतर अनेकांच्या हाती येते ते हायड्रॉक्सियुरिया.

हे औषध वेदना उठल्यावर घ्यावयाचे नाही. ते रोज घ्यावयाचे. त्याने गर्भावस्थेतील हिमोग्लोबिनचे प्रमाण रक्तात वाढते आणि झटके कमी होतात, पण हा गुण दिसू लागण्यास काही महिने जावे लागतात. मात्रा वजनावर ठरते, मुलाचे वजन वाढले की बदलते, आणि ठरावीक अंतराने रक्तपेशींची मोजणी करावी लागते. गर्भधारणेचा विचार असेल तर आधी डॉक्टरांशी बोलणे आवश्यक असते. शिवाय एक अडचण शब्दाचीच आहे : हेच औषध रक्ताच्या काही कर्करोगांतही वापरतात. पाकिटातील कागद वाचणारा नातलग ‘कर्करोग’ या शब्दापाशी थबकतो आणि औषध बंद पडते. डॉक्टरांची भेट महिन्या-दोन महिन्यांनी. पण हा संशय ज्या संध्याकाळी उद्भवतो त्या संध्याकाळी घराजवळ उघडे असते ते औषधाचे दुकान. तेथे बसलेल्या माणसाला दोन वाक्यांत सांगता आले पाहिजे की, एकच औषध दोन रोगांत निराळ्या कामासाठी वापरले जाते, आणि मुलाला कर्करोग झालेला नाही. हे वाक्य त्याला छत्तीसगढीत आणि मराठीत, दोन्हींत, न अडखळता आले तर किती वेदना टळतील याचा हिशेब कोणत्याही वहीत होत नाही.

सिकलसेलवरील जनुकसंपादनाच्या उपचाराला ब्रिटनने नोव्हेंबर २०२३ मध्ये आणि अमेरिकेने डिसेंबरात मान्यता दिली. अमेरिकेतील त्याची जाहीर किंमत एका रोग्यामागे २२ लाख डॉलर होती. पुरानी बस्तीच्या दृष्टीने ही अजून वार्ताच आहे. मुंबईत भारतीय तंत्रज्ञान संस्था व टाटा स्मारक रुग्णालय यांच्या सहकार्यातून सिद्ध झालेल्या, रक्ताच्या कर्करोगावरील पेशी-उपचाराला मात्र भारतात २०२३ मध्येच परवानगी मिळाली. अशा उपचारात रोग्याच्याच पेशी काढून, बदलून, त्यालाच परत देतात. त्या पिशवीवर रोग्याचे नाव असते आणि ती दुसऱ्या कोणाला चालत नाही. ती गोठवून ठेवणे, ओळख पटवणे, वितळविण्याची वेळ सांभाळणे हे रुग्णालयातील औषधविभागाचे काम होते. कारखान्याने ‘सर्वांसाठी एक गोळी’ केली होती. अतिप्रगत औषध पुन्हा एका माणसाच्या नावाचे झाले, कंपाउंडरच्या बाटलीसारखे.

या उंचीवरून पुन्हा फळीपाशी आले तर दृश्य फारसे गौरवाचे नाही. नोंदणीकृत व्यक्तीचे प्रमाणपत्र भिंतीवर आणि व्यक्ती अन्यत्र, हा प्रकार देशात सर्वांना ठाऊक आहे. महाराष्ट्रात २०११ नंतर अन्न व औषध प्रशासनाने या प्रश्नावर कडक भूमिका घेतली तेव्हा औषधविक्रेत्यांच्या संघटनांनी बंद पुकारले. त्यांचे म्हणणे सर्वस्वी गैरलागू नव्हते. समुपदेशनाला वेळ लागतो आणि त्याचे मोल विक्रीच्या नफ्यातच शोधावे लागते. गोळी न विकता दिलेला सल्ला दुकानाच्या जमाखर्चात शून्य भरतो. जनऔषधी केंद्रांमुळे आणि छत्तीसगढ शासनाने २०२१ मध्ये सुरू केलेल्या धन्वंतरी दुकानांमुळे किंमत उतरली, ही मोठीच गोष्ट झाली. पण स्वस्त औषध मूळ नावाने मिळते, रोगी व्यापारी नाव ओळखतो, आणि ‘हे तेच आहे’ असा विश्वास देण्याचे काम पुन्हा बोलण्यावरच येऊन पडते.

या बोलण्याचा ओघ उलट दिशेनेही वाहतो, आणि कदाचित तोच भाग सर्वांत नवा आहे. २०१० मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय औषधदक्षता कार्यक्रमात औषधांच्या दुष्परिणामांची नोंद होते. वर्षभरानंतर त्याचे समन्वयकेंद्र गाझियाबादच्या आयोगाकडे आले. औषधविक्रेता अशी नोंद पाठवू शकतो, रोगी स्वतःही पाठवू शकतो, आणि रोग्यासाठीचा अर्ज हिंदी, मराठी, ओडिया यांसह अनेक भारतीय भाषांत उपलब्ध आहे. छत्तीसगढीला राज्याची राजभाषा म्हणून २००७ मध्ये मान्यता मिळाली, पण आठव्या अनुसूचीत ती नाही. तेव्हा पुरानी बस्तीतील एखाद्या बाईला गोळी घेतल्यावर ‘जर’ आला, अंगात ‘पीरा’ उठली, तर ती ते छत्तीसगढीत सांगणार. अर्जाच्या हिंदी रकान्यात ‘ज्वर’ आणि ‘वेदना’ लिहिणार तो फळीमागचा माणूस, आणि ती पीरा सांध्यांत होती की पोटऱ्यांत, गोळीनंतर तासाभराने उठली की रात्री, हे त्याने तिला विचारले असेल तेवढेच तेथून पुढे जाणार.